पीडीएचचे तास आणि तुंबलेली जाळी

अमेरिकेत सिव्हिल किंवा एन्व्हायर्नमेंटल इंजिनिअरिंगमध्ये काम करणाऱ्या कुणाचाही इनबॉक्स उघडून बघा. आठवड्याला दोन-तीन मेल एकाच छापाच्या असतात. बुधवारी दुपारी बारा वाजता, फुकट वेबिनार, विषय स्टॉर्मवॉटर, शेवटी सर्टिफिकेट आणि एक पीडीएच. पीडीएच म्हणजे प्रोफेशनल डेव्हलपमेंट अवर, लायसन्स चालू ठेवायला लागणारा अभ्यासाचा तास. डबा खाता खाता ऐकायचं, मधेमधे स्क्रीनवर प्रश्न आला की क्लिक करायचं, आणि एक वाजला की पीडीएफ उतरवून एका फोल्डरमध्ये टाकायची. त्या फोल्डरकडे पुन्हा बघायचं ते थेट लायसन्स रिन्यू करताना.

आपण सिनेमावर लिहितो, नाटकावर लिहितो, कुणाच्या रीलवरही तावातावाने लिहितो. या प्रकारावर मात कुणी समीक्षा लिहीत नाही. खरं तर हा पक्का प्रकार आहे. त्याचे ठरलेले संकेत आहेत, ठरलेली पात्रं आहेत, विनोदसुद्धा ठरलेले आहेत (पहिल्या स्लाइडवर पाण्यात बुडालेली गाडी असते आणि खाली 'हा आमचा क्लायंट नाही'). हजारो लोक वर्षानुवर्षं याचे प्रेक्षक आहेत. सिनेमा फसला तर निर्मात्याचे पैसे बुडतात. इथे शिकलेल्या गोष्टींवर पाइपांची मापं ठरतात, आणि त्या मापांवर कुणाच्या घरात पाणी शिरणार ते ठरतं.

माझं मत आधीच सांगून टाकते. स्टॉर्मवॉटरचं बहुतेक प्रशिक्षण कागद नीट भरायला शिकवतं, आणि ते काम ते चांगलं करतं. पाणी प्रत्यक्षात कुठून कसं वाहतं, जाळीतला कचरा कोण काढतं, आणि पाणी शिरतं त्या घरात कोण राहतं, या गोष्टी त्याच्या चौकटीबाहेर राहतात. काही अपवाद आहेत, आणि ते उत्तम आहेत. त्यांच्याबद्दल पुढे बोलूच.

एवढं प्रशिक्षण लागतंच का, याचं उत्तर कायद्यात आहे. १९७२ च्या क्लीन वॉटर अ‍ॅक्टने आधी कारखान्यांच्या आणि सांडपाणी केंद्रांच्या पाइपांना परवान्याखाली आणलं. रस्त्यावरचं तेल, कुत्र्यांची घाण, लॉनवरचं खत हे सगळं घेऊन पावसाचं पाणी थेट ओढ्यात जातं, पण त्याच्यासाठी नीट चौकट आली ती १९८७ च्या दुरुस्तीनंतर. १९९० च्या नियमांनी एक लाखाच्या वर वस्तीची शहरं परवान्याखाली आली, आणि १९९९ च्या नियमांनी लहान गावं. या परवान्याला एमएस-फोर म्हणतात. लहान गावांना त्यात सहा किमान कामं दिलेली आहेत. लोकांना माहिती देणं, बेकायदा जोडण्या शोधणं, बांधकामावरची माती वाहून जाऊ न देणं वगैरे. सहावं काम म्हणजे पालिकेने आपलं स्वतःचं आवार आणि गाड्या नीट ठेवणं, आणि त्याच कलमात कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण येतं. म्हणजे प्रशिक्षण घेतलं हीच परवान्यातली एक टिकमार्क झाली. ज्याने रस्ता झाडायचा तो एका खोलीत बसून व्हिडिओ बघतो, सही करतो, आणि सहीचा कागद वार्षिक अहवालाला जोडला जातो.

दुसरीकडून लायसन्सचं गणित येतं. टेक्ससमध्ये इंजिनिअरला वर्षाला १५ तास लागतात, त्यातला एक तास नीतिमत्तेचा. न्यू जर्सीत दोन वर्षांत २४. न्यूयॉर्कमध्ये तीन वर्षांत ३६. कॅलिफोर्नियात एकही नाही. म्हणून कॅलिफोर्नियाची गटारं टेक्ससपेक्षा वाईट आहेत असं कुणी म्हटल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. शिवाय नावापुढे लावायच्या अक्षरांची एक वेगळीच बाजारपेठ आहे: सीपीईएससी, सीएफएम, कॅलिफोर्नियात क्यूएसडी आणि क्यूएसपी. आपल्यातले जे ओपीटीवर किंवा एच-वन-बीवर आहेत त्यांना ही अक्षरं जरा जास्तच हवीशी वाटतात. ते समजण्यासारखं आहे. ज्याची नोकरी कागदावर टांगलेली आहे तो आणखी एक कागद का नाही म्हणेल? पण मग प्रशिक्षण देणाऱ्यालाही कळतं की समोरचा माणूस कागदासाठी आलाय, आणि मालही तसाच बनतो.

आता खुद्द वेबिनार. पहिली सात-आठ मिनिटं ओळख, म्यूट कसं करायचं, सर्टिफिकेट कधी येईल. मग पहिला पोल: 'तुमच्या भागात मोठी समस्या कोणती? अ, पूर. ब, गाळ. क, दोन्ही.' कुठलंही बटण दाबलं तरी चालतं, तुम्ही जागे आहात एवढंच त्यातून सिद्ध व्हायचं असतं. मग वक्ता. फुकटच्या वेबिनारमध्ये वक्ता बहुतेक वेळा जमिनीखाली बसवायचं यंत्र बनवणाऱ्या कंपनीचा असतो. काँक्रीटची एक गोल टाकी, त्यात पाणी भोवऱ्यासारखं फिरतं, गाळ खाली बसतो, तेल वर तरंगतं, बऱ्यापैकी पाणी बाहेर जातं. अ‍ॅनिमेशन सुंदर असतं. पाणी निळं आणि गाळ चॉकलेटी.

मग येतो आकडा. न्यू जर्सीत अशा यंत्रांना राज्याची मान्यता लागते. ही चांगली गोष्ट आहे, आणि बाकीची कितीतरी राज्यं त्या यादीकडे बघतात. पाणी फिरवून गाळ बसवणाऱ्या यंत्रांना ५० टक्के आणि फिल्टरवाल्या यंत्रांना ८० टक्के गाळ काढल्याचं श्रेय मिळू शकतं. हा आकडा येतो ठरावीक मापाच्या सिलिकाच्या कणांवर, ठरावीक वेगाच्या पाण्यात केलेल्या चाचणीतून. चाचणी कडक असते, त्यात खोट नाही. पण वेबिनारमध्ये तो आकडा चाचणीचा निकाल म्हणून येत नाही, यंत्राचा जन्मजात गुण म्हणून येतो. पार्किंग लॉटमध्ये ओकची पानं असतात, बर्फावर टाकलेलं मीठ असतं, कॉफीचे कप असतात. आणि यंत्र वेळच्या वेळी उपसलं जाईल हे गृहीत धरलेलं असतं. अशाच एका वेबिनारमध्ये कुणीतरी चॅटमध्ये विचारलं होतं, 'हे उघडून साफ करायला किती माणसं आणि कुठला ट्रक लागतो?' उत्तर आलं, 'उत्तम प्रश्न! आमचे प्रतिनिधी तुमच्याशी संपर्क साधतील.' त्या तासातला तो एकमेव खरा प्रश्न होता.

कंपन्यांना झोडपणं सोपं आहे, तेवढ्यावर थांबले तर अन्याय होईल. कित्येकदा आपल्या वस्तूचं मोजमाप केलेले तेच असतात. विद्यापीठांकडे पैसा नाही, पालिकेकडे माणसं नाहीत, मग बोलणार कोण? ज्याच्याकडे विकायला काही आहे तो. झाडं आणि माती यांचा खड्डा करून त्यात पाणी जिरवायची कल्पना, ज्याला बायोरिटेन्शन किंवा रेन गार्डन म्हणतात, ती १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मेरीलँडच्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीत सरकारी इंजिनिअरांनी पुढे आणली. खड्डा, रेती, कंपोस्ट आणि झाडं यांच्यावर कुणाचा ट्रेडमार्क नसतो, त्यामुळे त्यांच्यासाठी दुपारी बाराला फुकट वेबिनार घेणाराही सहज मिळत नाही. विषयांची निवड अशी आपोआप होत जाते, त्यात कुणाचा कट नसतो.

आणखी खोलवरची अडचण गणिताच्या शिकवण्यात आहे. पावसाच्या पाण्याचं पहिलं सूत्र अजूनही तेच शिकवतात, जे एमिल क्युइक्लिंगने न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर शहरासाठी १८८९ मध्ये मांडलं होतं: क्यू बरोबर सी-आय-ए. पाणी वाहून जाण्याचा गुणांक, गुणिले पावसाचा जोर, गुणिले क्षेत्रफळ. (या तीन अक्षरांवरचा विनोदही ठरलेला आहे.) त्यानंतर येतो कर्व्ह नंबर, जो १९५० च्या दशकात शेतजमिनींसाठी बनला आणि आज मॉलच्या पार्किंगला लावतात. जुनी सूत्रं वाईटच असतात असं नाही. पण ती कुठे चालतात आणि कुठे मोडतात हे शिकवायला एक तास पुरत नाही, म्हणून तक्त्यातून आकडा कसा उचलायचा तेवढंच शिकवलं जातं.

आणि तो तक्ताच बदलत असेल तर? पावसाच्या जोराचे आकडे कित्येक दशकं १९६१ च्या टीपी-४० नावाच्या सरकारी नकाशांवरून घेतले जात. नंतर नोआने अ‍ॅटलस १४ काढला, एकेका प्रदेशाचा एकेक खंड. टेक्ससचा खंड २०१८ मध्ये आला तेव्हा ह्यूस्टनचा 'शंभर वर्षांचा' २४ तासांचा पाऊस साधारण १३ इंचांवरून १८ इंचांवर गेला. त्याच्या आदल्याच वर्षी हार्वे वादळात टेक्ससमधल्या नेदरलँड गावाजवळ ६०.५८ इंच पाऊस नोंदला गेला होता. म्हणजे कालपर्यंत जे घर शंभर वर्षांच्या पावसाला सुरक्षित मानलं जात होतं, ते नकाशा बदलताच तसं राहिलं नाही. घर तिथेच आहे, पाइप तोच आहे. शिवाय अ‍ॅटलस १४ सुद्धा मागच्या नोंदींवरच उभा आहे. काल जसा पाऊस पडला तसाच उद्या पडेल, हे त्याच्या पोटात गृहीत आहे. हवामानाचा बदल धरणारा अ‍ॅटलस १५ तयार होतो आहे.

'शंभर वर्षांचा पाऊस' हा शब्दच मुळात घोटाळा करणारा आहे. त्याचा अर्थ दर वर्षी एक टक्का शक्यता. तीस वर्षांचं होम लोन घेतलं तर त्या तीस वर्षांत असा पाऊस निदान एकदा येण्याची शक्यता साधारण २६ टक्के निघते. चारात एक. हे गणित पाच मिनिटांत शिकवता येतं. तरी मी बसले त्या कितीतरी तासांमध्ये ते कुणी शिकवलं नाही, कारण परवान्याच्या फॉर्मवर त्याला रकाना नाही. मेरीलँडमधल्या एलिकॉट सिटीत ३० जुलै २०१६ ला दोनेक तासांत सहा इंचांच्या आसपास पाऊस पडला, जुनी मेन स्ट्रीट नदीसारखी वाहिली, दोन जण गेले. बातम्यांत 'हजार वर्षांतून एकदा' असं आलं. २७ मे २०१८ ला, म्हणजे २२ महिन्यांनी, तीच मेन स्ट्रीट पुन्हा वाहिली. त्या वेळी एकाचा जीव गेला. आणि योगायोग बघा, पाणलोटाचं प्रशिक्षण देण्यात देशभर नाव असलेली सेंटर फॉर वॉटरशेड प्रोटेक्शन ही संस्था कित्येक वर्षं याच एलिकॉट सिटीत होती. संस्थेचा यात काही दोष नाही. चांगलं प्रशिक्षण जवळच असून भागत नाही. डोंगरउतारावर काय बांधायला परवानगी द्यायची हे वेबिनारमध्ये ठरत नसतं.

आता आपल्या घराजवळ येते. १ सप्टेंबर २०२१, आयडा वादळाचे अवशेष. सेंट्रल पार्कमध्ये एका तासात ३.१५ इंच पाऊस, म्हणजे ८० मिलिमीटर. न्यूयॉर्क शहराची गटारं साधारण तासाला पावणेदोन इंच, म्हणजे ४४ मिलिमीटर धरून बांधलेली. शहराच्या साधारण ६० टक्के भागात पावसाचं आणि सांडपाण्याचं पाणी एकाच पाइपात जातं, म्हणजे तुंबलं की काय वर येतं ते सांगायला नको. शहरात १३ माणसं गेली, त्यातली ११ तळघरांमध्ये, बहुतेक क्वीन्समध्ये. न्यू जर्सीत जवळपास ३० जण गेले. मॅनव्हिल गाव, जिथे मिलस्टोन नदी रॅरिटनला मिळते, ते १९९९ च्या फ्लॉइडमध्ये बुडालं होतं आणि २०२१ मध्ये पुन्हा बुडालं.

मुंबईची माणसं हे आकडे वाचून गप्प होतील. मुंबईची जुनी गटारं तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशोबाची होती, आणि १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ती ५० वर न्यायला सांगितली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला तेव्हा ते काम बरंचसं कागदावरच होतं. मुंबईचं लक्ष्य ५०, न्यूयॉर्कचं ४४. दोन शहरांच्या श्रीमंतीत जमीन-अस्मानाचा फरक, आणि जमिनीखाली जवळजवळ तोच आकडा! 'इकडे सगळं सिस्टिमॅटिक असतं' असं आपण भारतात फोनवर सांगतो, तेव्हा हा आकडा आठवायला हरकत नाही.

तळघरांचं वेगळं सांगायला हवं. आपल्यातल्या कितीतरी जणांनी इथलं पहिलं वर्ष कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये काढलंय. जर्सी सिटी, एडिसन, क्वीन्स. भाडं कमी, खिडकी छताला लागून, बाहेर पडायचा जिना एकच. असा भाडेकरू स्टॉर्मवॉटरच्या प्रशिक्षणात कुठे दिसतो? परवान्यातल्या 'लोकांना माहिती द्या' या कलमात त्याच्यासाठी एक पत्रक असतं: गाडी लॉनवर धुवा, कुत्र्याची घाण उचला. त्याच्या खोलीत पाणी किती मिनिटांत चढेल, हा प्रश्न 'इमर्जन्सी मॅनेजमेंट' नावाच्या दुसऱ्या खात्याचा, दुसऱ्या कॉन्फरन्सचा आणि दुसऱ्या पीडीएचचा. पाण्याला ही खातेवाटणी माहीत नसते.

आयडानंतर न्यू जर्सीने केलं काय, तर बरंच केलं, आणि ते कबूल करायला हवं. २०२३ च्या नियमांनी नदीकाठची डिझाइनची पूरपातळी दोन फुटांनी वर नेली आणि पुढच्या काळातला वाढलेला पाऊस धरून डिझाइन करायला लावलं. देशात फार थोड्या ठिकाणी असं झालंय. त्यामागोमाग प्रशिक्षणांची लाट आली. कुठल्या काउंटीला कुठला गुणांक, कुठल्या स्प्रेडशीटमध्ये कुठला रकाना. हे लागतंच, त्याशिवाय नियम चालणार नाही. पण तासभर ऐकून बाहेर पडलेल्या तरुण इंजिनिअरला गुणायचं कसं ते कळतं. तो गुणांक कुठून आला, तो कमी पडला तर काय, आणि नियम लागू होण्याआधी बांधलेल्या सगळ्या पाइपांचं काय, हे तो विचारत नाही. विचारायला वेळच ठेवलेला नसतो.

कॉन्फरन्सबद्दल थोडक्यात. वेफटेक ही पाण्याच्या धंद्यातली सगळ्यात मोठी जत्रा, अलीकडे शिकागो आणि न्यू ऑर्लिन्समध्ये आलटून पालटून भरते. एएससीईची ईडब्ल्यूआरआय काँग्रेस त्यामानाने अभ्यासू. दोन्हीकडे चांगलं घडतं ते कॉफीच्या रांगेत. वीस मिनिटांच्या पेपरमध्ये सगळ्यांचे प्रकल्प यशस्वी असतात. फसलेलं रेन गार्डन, मेलेली झाडं, चिकणमातीने बुजलेला पाझर खड्डा यांच्यावर पेपर सहज सापडत नाही. कॉफी घेताना मात्र सगळे तेच बोलतात. आणि जो माणूस खरोखर जाळ्या उपसतो तो तिथे नसतो. नोंदणी, विमान, हॉटेल हा खर्च त्याच्यासाठी कुठली पालिका करेल? पीएचडीच्या विद्यार्थ्याला निदान ट्रॅव्हल ग्रँट मिळते.

न्यू ऑर्लिन्सचंच घ्या, कारण कॉन्फरन्स तिथे भरते. शहराचा मोठा भाग समुद्रसपाटीखाली, पावसाचा थेंब न थेंब पंपाने बाहेर काढावा लागतो. ५ ऑगस्ट २०१७ ला शहर तुंबलं तेव्हा बरेच पंप बंद होते, आणि जाळ्याही भरलेल्या होत्या. त्यानंतर सफाई काढली. जानेवारी २०१८ मध्ये जाहीर झालं की सेंट चार्ल्स अ‍ॅव्हेन्यूवरच्या पाच ब्लॉकच्या टप्प्यातून मार्डी ग्राच्या माळांचे मणी निघाले तब्बल ९३,००० पौंड. मिरवणुकीत उधळलेल्या प्लास्टिकच्या माळा, वर्षानुवर्षं साचलेल्या. त्यापुढच्या मिरवणुकांना जाळ्यांच्या तोंडावर तात्पुरते अडसर लावायला सुरुवात झाली. साधी गोष्ट. कुठल्याही मॉडेलमध्ये मण्यांचा गुणांक नसतो. मुंबईत दर मे महिन्यात नालेसफाईवरून भांडणं होतात, गाळ किती काढला आणि किती दाखवला यावर आरोप होतात. आपण त्याला हसतो. पण निदान तिथे गाळ हा जाहीर चर्चेचा विषय तरी आहे. अमेरिकेत गाळावर भांडण होत नाही, कारण गाळाकडे कुणाचं लक्षच नसतं. एएससीईच्या २०२१ च्या रिपोर्ट कार्डमध्ये स्टॉर्मवॉटरला पहिल्यांदाच वेगळा विषय म्हणून मार्क मिळाले: डी. २०२५ मध्येही डी.

अपवादांबद्दल बोलायचं कबूल केलं होतं. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाचा एक कोर्स आहे, पावसाच्या पाण्याच्या रचनांची तपासणी आणि देखभाल या विषयावर. देखभालीलाच शिकण्याचा विषय करणारा. तळं बांधायचं कसं हे सांगणारे शेकडो आहेत. पाच वर्षांनी त्याच्याकडे बघायचं कसं, कुठलं झुडूप उपटायचं आणि कुठलं ठेवायचं, बाहेर पडायच्या तोंडाशी काय अडकतं, हे शिकवणारे थोडे. लॉन कापणारा ठेकेदार आणि डिझाइन करणारा इंजिनिअर या दोघांनाही हा विषय लागतो, आणि दोघांनाही तो कॉलेजात कुणी शिकवलेला नसतो.

दुसरा अपवाद न्यू जर्सीचा. तिथे प्लॅन तपासणाऱ्या इंजिनिअरांना राज्याने मान्य केलेला कोर्स दर पाच वर्षांनी करावा लागतो. ते ठीकच. मला जास्त आवडतं ते प्लॅनिंग बोर्डावरच्या सदस्यांसाठी असलेलं छोटं प्रशिक्षण, ज्याचं नावच 'योग्य प्रश्न विचारणं' अशा अर्थाचं आहे. बोर्डावर कोण असतं? दातांचा डॉक्टर, रिअल इस्टेट एजंट, निवृत्त शिक्षिका. आता आपल्या ओळखीतलेही कुणी कुणी दिसतात. या लोकांना क्यू बरोबर सी-आय-ए शिकवून उपयोग नाही. त्यांनी बिल्डरच्या इंजिनिअरला विचारायचं असतं: पाणी आत्ता कुठे जातं, नंतर कुठे जाईल, खाली कोण राहतं, हे साफ कोण करणार. माझ्या मते स्टॉर्मवॉटरच्या सगळ्या प्रशिक्षणातली ही सगळ्यात शहाणी कल्पना आहे, आणि तिला पीडीएचची चटक लागलेली नाही.

तिसरं म्हणजे साधनं. ईपीएचं स्विम हे मॉडेल १९७१ पासून आहे. ते फुकट आहे आणि त्याचा कोडही उघडा आहे. आर्मी कोअरचं हेक-रासही फुकट. पुण्यात, नागपुरात, दुबईत, ह्यूस्टनमध्ये बसलेला विद्यार्थी तेच मॉडेल चालवू शकतो. स्विम शिकायचं तर तासाभराचं वेबिनार नको. आपल्याच गल्लीचे दहा पाइप आणि चार जाळ्या घेऊन बसा, एखादा खरा पाऊस त्यात टाका, आणि उत्तर खोटं आलं की का आलं ते शोधत राहा. त्याला आठवडा लागतो आणि त्याचं सर्टिफिकेट कुणी देत नाही.

इथे महाराष्ट्रातल्या वॉटर कपची आठवण निघाल्याशिवाय राहत नाही. पानी फाउंडेशनची ती स्पर्धा २०१६ मध्ये तीन तालुक्यांत सुरू झाली आणि २०१९ पर्यंत पंचाहत्तरच्या वर तालुक्यांत गेली. गावातली माणसं काही दिवस प्रशिक्षणाला जायची. त्यात बायकाही असायच्या. समतल चर कसा आखायचा ते स्वतः आखून शिकायची आणि परत येऊन ४५ दिवस खणायची. त्यावर टीका झाली ती योग्यच होती: किती घनमीटर माती हलवली यावर भर, आणि खालचा खडक पाणी धरतो की सोडतो याचा विचार कमी. भूजलाच्या अभ्यासकांनी हे वेळोवेळी सांगितलं. शिवाय दुष्काळी गावात पाणी अडवणं आणि क्वीन्समधून पाणी बाहेर काढणं ही दोन वेगळी कामं आहेत. पण प्रशिक्षण म्हणून बघितलं तर तिथे शिकणारा आणि खणणारा एकच होता, आणि पाऊस पडल्यावर चर भरला की नाही हे त्याला स्वतःच्या शिवारात दिसत होतं. आमच्या वेबिनारमध्ये शिकणारा एक, डिझाइन मंजूर करणारा दुसरा, बांधणारा तिसरा, साफ करणारा चौथा, आणि भिजणारा भलताच कुणीतरी.

तुम्ही या क्षेत्रात नव्याने आला असाल आणि तास भरायचेच असतील, तर निवड करता येते. कंपनीच्या वेबिनारला जाऊ नका असं मी म्हणत नाही. जा, पण देखभालीचा प्रश्न चॅटमध्ये टाकल्याशिवाय बाहेर पडू नका. पालिकेच्या सफाईच्या ट्रकबरोबर एक दिवस फिरायला मिळतं का ते विचारा. बहुतेक वेळा हो म्हणतात, कारण त्यांना आजवर कुणी विचारलेलंच नसतं. आणि या क्षेत्रात नसाल, पण न्यू जर्सीत राहत असाल, तर तुमच्या टाउनशिपच्या प्लॅनिंग बोर्डाच्या सभा सगळ्यांना खुल्या असतात. मोठ्या बांधकामाला स्टॉर्मवॉटरचा देखभाल आराखडा द्यावा लागतो, आणि त्यात जबाबदार व्यक्तीचं नाव, पत्ता, फोन नंबर लिहावा लागतो. तुमच्या कॉम्प्लेक्सच्या मागे कुंपणात एखादं गवत वाढलेलं तळं असेल तर त्याचा आराखडा टाउनशिपकडे मागा. नाव कुणाचं आहे ते बघा, फोन लागतो का बघा, आणि शेवटचा गाळ कधी काढला ते विचारा.